शहाण्णव भागिले आठ

जन्मात कधी बोटीत पाय न ठेवता मी तीस वर्षं बोटी चालवल्या. कन्नडच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी गणित शिकवायचे. 'एक नाव संथ पाण्यात ताशी आठ किलोमीटर वेगाने जाते' असं फळ्यावर लिहिलं की माझी नाव सुटली! ठरल्या मिनिटाला पलीकडं टेकली! तीस वर्षांत एकही बुडाली नाही, एकीलाही उशीर झाला नाही. त्यामुळं खऱ्याखुऱ्या समुद्रातली बोट कधी पोचेल हेही आपल्याला कळतं, असं मला वाटायला लागलं. त्या वाटण्यापायी मी माझ्या सख्ख्या नातीला समुद्रावरून उचलून शेंद्र्याच्या कारखान्यात नेऊन बसवणार होते. ही चूक केली तेव्हा मी अल्लड होते. सहासष्ट वर्षांची. आता सत्तरी गाठल्यावर जरा अक्कल आलीय, म्हणून लिहायला बसले.

तीस वर्षांत माझ्या नावेवर शंका घेतली ती एकाच पोरानं. सातवीचा सहामाहीचा पेपर होता. 'तर ती नाव पैलतीरी किती वेळात पोचेल?' असं तीन मार्कांचं गणित. पोरानं उत्तर लिहिलं होतं, 'वारं बगून सांगतो.' मी शून्य दिलं. शून्य देऊन गप्प बसले असते तर ती मी कसली! पेपर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवला. सगळा वर्ग हसला, आणि सगळ्यांत जास्त मी हसले. (त्या पोराचं नाव मी पुढच्या तासाला विसरले. उत्तर मात्र दहा वर्षं लोकांना सांगून हसवत होते.)

तर, माझी नात तेजस्विनी. घरातली तेजू. आम्ही बजाजनगरला राहतो. मी, माझा मुलगा दिलीप, सून वैशाली आणि ही तेजू. दिलीप वाळूजला एका कारखान्यात आहे. कुठलं मशीन कधी चालवायचं, कुठला माल कधी निघायचा, हे ठरवणं त्याचं काम. सगळं आयुष्य भोंग्यावर! पाहुणे 'येतो संध्याकाळी' म्हणाले की हा विचारतो, "संध्याकाळी म्हणजे किती वाजता?" पाहुणे परत येत नाहीत.

अशा बापाची लेक मेकॅनिकल इंजिनिअर झाली, मैत्रिणींबरोबर चार दिवस गोव्याला गेली आणि तिथं शिडाची बोट चालवायला शिकून आली! मग प्रत्येक सुट्टीला गोवा. दोन वर्षांत कप्तानाचं प्रमाणपत्र. आमच्या सात पिढ्यांत पाण्याशी संबंध म्हणजे विहीर आणि टँकर. आणि ही पोरगी जेवताना सांगायची, "आजी, आज बोटीनं आठ नॉट गाठले! आठ!" नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, हेही तिनंच शिकवलं मला. ते आठ माझ्या डोक्यात जे बसले ते बसले.

मग एक दिवस तिला बोलावणं आलं. एक मोठी शिडाची बोट गोव्याहून निघून थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याला जाणार होती, आणि त्यांना खलाशांत तेजू हवी होती. त्याच आठवड्यात दिलीपनं तिच्यासाठी शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी पक्की करून आणली. घरात जे पेटलं म्हणता!

"शिडाची बोट?" दिलीप म्हणाला. "इंजिनाचा शोध लागलाय, हे त्या लोकांना कुणी कळवलं नाही का?"

"इंजिन असतं बाबा. छोटं. बंदरात शिरायला."

"म्हणजे आहे आणि लावत नाही! वारा नेईल तिकडं जायचं! कधी पोचणार ते तरी सांगता येतं का तुमच्या त्या बोटीला?"

"येतं."

"मग दाखव. ज्या वेळेला म्हणशील त्या वेळेला पोचून दाखव, शेंद्र्याला मी स्वतः नाही म्हणून कळवतो. चुकलीस, तर सोमवारी सकाळी आठ वाजता शेंद्र्याच्या गेटवर उभी राहायचं."

"ठरलं," तेजू म्हणाली. आणि बापलेकीचा अबोला सुरू झाला. दोघांच्या मधे टपालखातं म्हणजे मी. आणि आमच्या टपालखात्यात पाकीट फोडून, आतलं पत्र सुधारून, मग पोचतं करायची पद्धत होती!

तेजूनं प्रवास ठरवला गोवा ते रत्नागिरी. ती कप्तान आणि बरोबर तिच्याएवढ्याच दोन मैत्रिणी. गुरुवारी संध्याकाळी तिचा माझ्या मोबाईलवर मजकूर आला. अजून जपून ठेवलाय, म्हणून जसाच्या तसा देते:

'आजी, बाबांना सांग. शनिवारी सकाळी सहाला निघतोय. सरळ अंतर शहाण्णव मैल, पण वारा समोरून आहे, नागमोडी जावं लागेल, म्हणून एकशेतीस धरलेत. वेग चारचा धरलाय. रविवारी दुपारी अडीचच्या आसपास पोचू. म्हणजे बारा ते चारच्या मधे. समुद्रात रेंज नसेल, फोन लागला नाही तर घाबरू नका. रविवारी अंधार पडेपर्यंत आलो नाही, तरच बंदरावर कळवा.'

मी चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. आणि माझ्यातली गणिताची बाई खडबडून जागी झाली.

बारा ते चार? हे काय उत्तर झालं? सातवीतल्या पोरानं असं लिहिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं! आणि चारचा वेग कशाला? बोट आठनं जाते, हे तिनंच नाही का सांगितलं? शिवाय शहाण्णव मैलांच्या रस्त्याला ही एकशेतीस मैल फिरणार! (आमच्याकडच्या रिक्षावाल्यांनीसुद्धा एवढं फिरवलं नसतं.) आणि भोंग्यावर जगणाऱ्या माझ्या लेकाला 'बारा ते चारच्या मधे' असं सांगितलं, तर तो तिथंच 'नापास' म्हणणार! पोरीचं नुकसान होऊ द्यायचं नाही, एवढाच माझा हेतू होता, देवाशप्पथ.

लाईटबिलाच्या पाठीवर मी गणित मांडलं. शहाण्णव भागिले आठ. बारा! बाकी शून्य! आता गणित शिकवणाऱ्या माणसाला विचारा, भाग असा निःशेष गेला की काय होतं ते. अंगावर मूठभर मांस चढतं. बाकी शून्य उरली म्हणजे देवानंच सही केली, असं वाटतं. सकाळी सहाला निघाली, बारा तास, संध्याकाळी सहा. शनिवारी!

"दिलीप," मी स्वयंपाकघरातूनच हाक मारली, "शनिवारी संध्याकाळी सहा वाजता."

"सहा म्हणजे सहा?"

"ठोक्याला!"

"तेजूनं सांगितलं असं?"

"मग काय मी सांगते?" मी म्हणाले. (हा प्रश्न होता. प्रश्न खोटा नसतो. निदान त्या रात्री झोपताना मी स्वतःला असं समजावलं.)

दिलीपनं मान डोलावली. "एवढं नेमकं सांगितलं असेल तर मानलं पाहिजे," तो म्हणाला. मला तर भरून आलं! म्हटलं, असलं यश बघायला चार माणसं हवीत. कन्नडहून मोठ्या जाऊबाईंना बोलावून घेतलं. या कमळाबाई शेती सांभाळणाऱ्या, मी नोकरी केलेली, म्हणून मला जन्मभर 'मास्तरीणबाई' म्हणत आलेल्या. त्या औक्षणाचं ताट, निरांजन, दोन डबे धपाटे आणि बरणीभर ठेचा घेऊन हजर झाल्या. गाडी ठरवली रऊफभाईंची. वीस वर्षं आमच्या लग्नकार्याला तेच असतात.

शनिवारी पहाटे पाचला निघालो. मी पुढं बसले आणि रऊफभाईंचंही गणित सोडवून दिलं.

"साडेचारशे किलोमीटर. ऐंशीनं धरा. साडेपाच-पावणेसहा तास. अकराच्या आत रत्नागिरी!"

रऊफभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. "बाई, चार बजे."

"चार? अहो, तुमची गाडी शंभरनं पळते!"

"भागती सौ से बाई, पहुंचती चालीस से. घाट हैं. ट्रक हैं. चाय है. फिर तुम्हारे जाऊबाई को तमाखू के लिए उतरना होता. चार बजे के आसपास बोला मैं. आसपास, हां!"

आम्ही सव्वाचारला रत्नागिरीला पोचलो. म्हणजे बघा, अकरा तास एक माणूस माझ्या शेजारी बसून मला सगळं समजावून सांगत होता आणि मी 'यांना गणित येत नाही बिचाऱ्यांना' असं मनात म्हणत धपाटं खात होते!

पावणेसहाला आम्ही धक्क्यावर ओळीनं उभे. वैशालीची नजर पाण्यावर, दिलीपची घड्याळावर. कमळाबाई ताट घेऊन तयार. निरांजन लावलं की समुद्राकडून वारा यायचा आणि विझवायचा. परत लावायचं, परत विझायचं.

"कुठून सुटलंय हे वारं मेलं!" कमळाबाई म्हणाल्या.

"वाऱ्याचं काय घेऊन बसलात? तिकडं बघा, आता शीड दिसेल!"

सहा वाजले. समुद्रात मासेमारीच्या बोटी होत्या, दोन बगळे होते, शीड नव्हतं.

"आई, सहा," दिलीप म्हणाला.

"असू दे. प्रवाह विरुद्ध असेल. आठातून एक वजा कर. सात. पावणेआठपर्यंत येईल."

सव्वासहा झाले. सूर्य बुडाला. "दोन वजा कर," मी म्हणाले. "सहा. म्हणजे सोळा तास. रात्री दहा!"

"मास्तरीणबाई," कमळाबाई म्हणाल्या, "तुम्ही अशीच वजाबाकी करीत ऱ्हायल्या, तर ती पोरगी उलटी गोव्याला जाऊन पोचंल!"

शेजारी एक मासे विकणारी मावशी टोपली आवरत होती. तिनं विचारलं, "कोणाची वाट बघताव?"

"माझी नात येतेय. गोव्याहून. शिडाच्या बोटीनं. आज सकाळी निघालीय."

मावशीनं त्या विझलेल्या निरांजनाकडं बघितलं, समुद्राकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "वारा तिच्या नाकावर. सरळ येईल काय ती?" ओल्या फरशीवर तिनं बोटानं रेघ ओढली, अशी गेली, वळून तशी आली, परत अशी गेली. "अशी येणार. आज कशी येईल? उद्या येईल."

म्हणजे शाळेची पायरी कधी चढली की नाही कोण जाणे अशा बाईनं, हातात कोलंबी धरून, तेजूचं अख्खं उत्तर काढून दाखवलं! मला त्या गार वाऱ्यात दरदरून घाम फुटला. तेवढ्यात मागं बघते तर दिलीप धक्क्यावरून तरातरा निघालेला.

"कुठं चाललास रे?"

"चौकीत! बारा तासांचा रस्ता, ठोक्याला सहा सांगितलेले, अंधार पडला, फोन लागत नाही. आई, काहीतरी झालंय." तो न थांबताच म्हणाला, "मी उगाच पैज लावली तिच्याशी. नोकरी गेली खड्ड्यात. पोरगी सुखरूप आली पाहिजे."

वैशाली तर रडायलाच लागली. आणि माझ्या पर्समधल्या मोबाईलमधे लिहिलं होतं, 'घाबरू नका'!

आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच का नाही सांगितलं? सांगणारच होते. पण शेजारी कमळाबाई उभ्या होत्या हो! चाळीस वर्षं कमावलेली इज्जत! मी पर्सची चेन उघडली, बंद केली, उघडली, बंद केली, आणि त्यांच्या मागोमाग चौकीत गेले.

चौकीत एक हवालदार होते, पस्तिशी-चाळिशीचे. त्यांनी शांतपणे वही ओढली.

"बोट कधी येणार होती?"

"सहाला. ठोक्याला," दिलीप म्हणाला.

"कोणी सांगितलं?"

"आईनं."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं. "आईंना कोणी सांगितलं?"

मी परत पर्सची चेन उघडली.

"आई?" दिलीप म्हणाला.

"तेजूनं," मी म्हणाले. "म्हणजे... तेजूनं जे सांगितलं, त्यावरून... मी ते थोडं सोपं करून..."

"आई, तेजूनं नक्की काय सांगितलं होतं?"

मी मोबाईल काढून टेबलावर ठेवला. वर्गात पकडलेली चिठ्ठी पोरं जशी टेबलावर ठेवायची ना, अगदी तशी.

दिलीपनं मजकूर वाचला. वैशालीनं त्याच्या खांद्यावरून वाचला आणि धाडकन खुर्चीत बसली. दिलीपनं परत वाचला. मी मान खाली घालून उभी. म्हटलं, आता बसतोय दणका! पण यानं एका ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, "वेग चारचा धरलाय."

"हो ना! मला वाटलं, आठनं जाते तर..."

"आई!" तो असा ओरडला की हवालदारांच्या हातातलं पेन पडलं. "बारा वर्षं झाली, बारा वर्षं मी कारखान्यात पोरांना बोंबलून सांगतोय, मशीन जास्तीत जास्त किती पळतं त्यावर तारीख देऊ नका! मशीन बंद पडतं, पट्टा तुटतो, माणूस आजारी पडतो. रोजच्या रोज जेवढं होतं तेवढंच धरा, वर सवड ठेवा. एकाच्या डोक्यात शिरत नाही! आणि ही पोरगी बघ. वारा धरला, वळणं धरली, सवड ठेवली, नाहीच आलो तर काय करायचं तेही लिहिलं. माझ्या पोरीनं एवढा सुरेख प्लॅन केला, आणि तू तो एका भागाकारात पुसून टाकलास!"

पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो 'माझ्या पोरीनं' म्हणाला. बोलणी मी खात होते आणि गहिवरूनही मलाच येत होतं.

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्या रडत नव्हत्या. "व्हय का मास्तरीणबाई," एवढंच म्हणाल्या. चाळीस वर्षं वाट बघितली होती बाईनं!

हवालदारांनीही मजकूर वाचला, वही मिटली आणि चहा मागवला. कप माझ्या हातात देताना म्हणाले, "तुम्ही कन्नडच्या शाळेत गणिताला होत्या ना, बाई?"

"अगं बाई! तू माझा विद्यार्थी?"

"व्हय. अंकुश. पण तुमच्या ध्यानात नसंल, मी मागं बसायचो."

मी लगेच ताठ झाले. "बघा जाऊबाई! माझे विद्यार्थी कुठं कुठं पोचलेत!" जाऊबाई म्हणाल्या, "पोचले ते पोचले. कधी पोचतील म्हणून तुम्ही सांगितलं होतं?"

लॉजवर त्या रात्री दिलीपनं तेजूचा मजकूर रऊफभाईंना दोनदा वाचून दाखवला. रऊफभाई म्हणाले, "बच्ची समझदार है. आसपास बोली." रऊफभाईंकडून याहून मोठं प्रमाणपत्र कुणाला मिळाल्याचं मला माहीत नाही.

रविवारी अकरापासून आम्ही धक्क्यावर. बारा वाजले, एक वाजला, अडीच वाजले. शीड नाही. चौकीतली भीती ओसरली तशी पैज परत उभी राहिली होती बरं का. चार वाजले की सोमवार सकाळ आणि शेंद्र्याचं गेट!

"अडीच म्हणाली होती ना?" कमळाबाईंनी सुरुवात केली. "झाला की उशीर."

"काकू," दिलीप गरजला, "चार वाजेपर्यंत ती वेळेवरच आहे!"

मी आयुष्यात माझ्या लेकाच्या तोंडून असलं वाक्य ऐकलं नव्हतं. पाहुण्यांना जर हे आधी कळलं असतं!

पावणेतीनला रऊफभाईंनी बोट दाखवलं. लांबवर एक पांढरा त्रिकोण. आम्ही सगळे उड्या मारायला लागलो (मी बसूनच). त्रिकोण जवळ आला, मोठा झाला, आणि आमच्या डोळ्यांदेखत वळून उलटा चालू लागला!

"अगं बाई, ती तर परत चालली!" कमळाबाई किंचाळल्या. "ताट बघून घाबरली का काय!"

"नागमोडी, काकू, नागमोडी!" दिलीप म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "वळंल. वळणार. एकशेतीस धरलेत तिनं."

तीन वाजून पाच मिनिटं. वळली! परत आली. परत गेली! दर वेळी ती गेली की माझा जीव जायचा आणि ती वळली की परत यायचा. भूमितीतला त्रिकोण मी हजारदा काढला असेल, पण पाणी कापत येणारा तो कलता त्रिकोण, आणि त्याच्या बुडाशी दोरी खेचत उभी असलेली ती काळी पडलेली एवढीशी पोर... खरं सांगते, फळ्यावर असलं काही कधी उतरलं नव्हतं.

तीन वाजून पस्तीस मिनिटांनी शीड उतरलं, ते छोटं इंजिन फटफटलं आणि बोट अलगद धक्क्याला टेकली. तेजूनं दोर फेकला तो दिलीपनंच झेलला. (कसा बांधायचा ते ठाऊक नसल्यामुळं तो पुढं पाच मिनिटं तसाच धरून उभा होता.)

"बाबा," तेजूनं विचारलं, "किती वाजले?"

पंधरा दिवसांनंतरचं पहिलं बोलणं. दिलीपनं घड्याळ बघितलं. परत बघितलं.

"तीन पस्तीस."

"मग?"

"मग काय? हा दोर कुणीतरी धरा. मला शेंद्र्याला मेसेज करायचाय."

त्यानं तिथंच, धक्क्यावर, सगळ्यांसमोर मेसेज केला. तेजू बापाच्या गळ्यात पडली. निरांजन काही लागलं नाही, वारा तसाच होता. कमळाबाईंनी नुसतंच ताट ओवाळलं आणि पोरीच्या तोंडात धपाटं कोंबलं.

"पण बाई गं, चारच का धरलास?" मी न राहवून विचारलं.

"आजी, रात्री जमिनीकडून वारा सुटला तेव्हा आम्ही सहानं पळत होतो. सकाळी वारा पडला. तीन तास एकनंसुद्धा जात नव्हतो. नुसतं तरंगत होतो, चहा पीत. सहा पण धरायचे, एक पण धरायचा. मग चार येतात."

रात्री जमिनीकडून वाहतात ते मतलई वारे, आणि दिवसा समुद्राकडून येतात ते खारे! आमच्याच शाळेत, शेजारच्याच वर्गात शिकवायचे. पण भूगोल माझ्याकडं नव्हता.

"मग ते आठ?"

"आठ? ते एकदाच. दहा मिनिटं. वारा मागून होता."

"मग मला सांगितलंस कशाला मेले?"

"आनंद झाला म्हणून!"

पुढं ती आफ्रिकेला गेली. तेव्हाही तिनं 'अमुक ते अमुकच्या मधे' असंच कळवलं, आणि त्या मधल्या दिवसांत मी देव्हाऱ्यासमोर बसून राहिले, भागाकार केला नाही. पोरगी त्या 'मधे'च पोचली. आता मी बँकेत निघाले तरी घरच्यांना 'आसपास' सांगून निघते.

पण गोष्ट धक्क्यावरच संपते. आम्ही निघायच्या तयारीत असताना अंकुश हवालदार बोट बघायला आला. तेजूशी बोलला, शिडाला हात लावून बघितला, मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गालातल्या गालात हसत होता.

"बाई, सातवीच्या सहामाहीला नावेचं एक गणित घातलं होतं तुम्ही. पैलतीरी किती वेळात पोचंल म्हणून."

मी चष्मा सारखा केला. "तू... 'वारं बगून सांगतो'?"

"व्हय."

मी त्याच्याकडं बघितलं, शिडाकडं बघितलं. मागं कमळाबाई श्वास रोखून ऐकत होत्या. ऐकू दे म्हटलं. सगळ्यांसमोर मी दोन्ही कान धरले. "अंकुश, बाबा, चुकलं माझं. तुझंच उत्तर बरोबर होतं. ते तीन मार्क देते मी तुला. सांग, कधी देऊ?"

अंकुशनं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "कवाबी द्या बाई. बारा ते चारच्या मधी!"